क्षमा केली, म्हणून केस मागे घ्यायची?

बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात सध्या दोन तट पडले आहेत. गावाचं नाव लिहीत नाही. पीडित मुलीची ओळख पटेल असं काही छापणं गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी ते लिहिलं नसतं. चर्चच्या कामात वर्षानुवर्षं पुढे असलेल्या एका माणसावर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला. त्याने चारचौघांत रडून माफी मागितली. तेव्हापासून ‘आपण ख्रिस्ती माणसं, क्षमा करा आणि केस मिटवा’ असा धोशा मुलीच्या घरच्यांमागे लागला आहे. हा झाला एक तट. दुसऱ्या तटात ख्रिस्ती आहेत, बिगरख्रिस्तीही आहेत. त्यांच्या मते ही क्षमेची शिकवणच मुळात गुन्हेगाराला मोकाट सोडणारी आहे. आठवडाभर हवं ते करावं, शनिवारी कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली, करावा आणि रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसावं.

मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो आणि रविवारी त्याच बाकांपैकी एकावर बसतो, म्हणून दोन्हीकडचं कानावर पडतं. मला दोन्ही तट एकाच चुकीवर उभे दिसतात. क्षमा म्हणजे खातं बंद, हे दोघांनीही गृहीत धरलं आहे. एकाला ते पुण्य वाटतं, दुसऱ्याला ढोंग. माझं म्हणणं वेगळं आहे. क्षमा करणं हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा अधिकार आहे, आणि फक्त त्याचाच. ती त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार पाद्री, पंच, नातेवाईक, न्यायाधीश यांपैकी कोणालाही नाही. आणि मनापासून दिलेल्या क्षमेनेही गुन्ह्याचा जाब संपत नाही, कारण तो जाब एकट्या पीडिताला द्यायचा नसतोच.

मिटवामिटवीचा मसुदा माझ्याकडेही आला होता. चन्नम्मा सर्कलजवळ टायपिंग करून घेतलेला, बाँड पेपरवरचा. दोन्ही कुटुंबांत पूर्वीपासून घरोबा आहे, तक्रार गैरसमजातून झाली, आता कोणाविषयी कोणाच्या मनात किल्मिष उरलेलं नाही, सबब पुढील कारवाई नको, असा मजकूर. खाली मुलीच्या वडिलांच्या सहीची जागा, आरोपीची जागा, दोन पंच, एक साक्षीदार. हा कागद जोडून धारवाडच्या खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करायचा, अशी योजना. मी कागद उलटसुलट करून पाहिला. पाच पुरुषांच्या सह्यांची सोय होती. मुलीचा उल्लेख ‘सदर अल्पवयीन’ एवढाच, तोही एकदा. जिच्या वतीने क्षमा केली जात होती, तिला कोणी विचारलं होतं का, हे आणणाऱ्यांना सांगता आलं नाही. ‘ती लहान आहे, तिला काय कळतं,’ असं एकजण म्हणाला. लहान असल्यामुळे तिची संमती कायदा मानत नाही, इतकी ती लहान; पण तिच्या नावाने क्षमा द्यायला मात्र ती पुरेशी मोठी! मी कागद परत केला.

अशा कागदाची कायद्याने काय किंमत आहे, हेही सांगून टाकतो. राजस्थानात एका शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा होता. वडिलांशी तडजोड झाली, तिथेही ‘गैरसमज’ स्टॅम्प पेपरवर उतरला, आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्दही केला. गावातला एक तिसराच माणूस, मुलीचा नातेवाईक नसलेला, सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०२४मध्ये न्यायालयाने तो आदेश फिरवून खटला पुन्हा उभा केला. अशा गुन्ह्याला दोन घरांतला खाजगी मामला मानता येत नाही, हा त्यातला गाभा. त्या आधी २०१२च्या ग्यानसिंग प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली होती: पैशाच्या, भाऊबंदकीच्या भांडणात तडजोड चालेल, खून, बलात्कार, दरोडा यांत नाही.

पण कायदा काय म्हणतो एवढ्यावर हा वाद सुटणार नाही, कारण क्षमेची बाजू घेणारे लोक कायद्याच्या वरच्या कशाला तरी साक्ष ठेवून बोलत असतात. त्यातले काही मतलबी आहेत, सगळे नाहीत. त्यांचं म्हणणं पूर्ण ताकदीनिशी मांडल्याशिवाय त्याला उत्तर देणं बरं नव्हे.

त्यांचा पहिला आधार क्रुसावरची प्रार्थना. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ खिळे ठोकणाऱ्यांनी तेव्हा पश्चात्ताप केला नव्हता, माफी मागितली नव्हती. म्हणजे येशूची क्षमा अटीविना होती, मग तुम्ही कोण अटी घालणारे? दुसरा आधार प्रेषित पौलाचा. करिंथच्या मंडळीला तो पत्रातून खडसावतो की भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तिसरा मुद्दा पोथीतला नाही, अनुभवातला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगाच झालेली नाही. तारखा पडत राहतात, मुलगी मोठी होते, लग्नाचं वय येतं आणि साक्ष अजून बाकी असते. चौथा मुद्दा भीतीचा आहे. मूठभर समाज, त्यात आधीच संशयाच्या नजरा. घरातली गोष्ट रस्त्यावर आणली तर टपून बसलेल्यांच्या हातात कोलीत. आपलेच दात, आपलेच ओठ.

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चौथ्याचा अनुभव तर आमच्या दारातला. धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेत मंजूर झालं ते डिसेंबर २०२१च्या अधिवेशनात, इथल्याच सुवर्णसौधात. त्याच महिन्यात बेळगावातल्या एका चर्चच्या आवारात एक माणूस तलवार घेऊन शिरल्याची बातमी देशभर गेली होती. पुढे सरकार बदललं, जून २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करायचं ठरवलं, पण त्या डिसेंबरची धास्ती तशी जात नाही. अशा वेळी समाजाने कवच आवळून घ्यावं, हे मला समजतं.

आता क्रुसापासून सुरुवात करतो. येशूने क्षमा केली ती स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांना. स्वतःच्या जखमांबद्दल स्वतः बोलला. शेजारच्या क्रुसावर दोन गुन्हेगार होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणतो की आपल्याला मिळाली ती शिक्षा यथान्याय आहे, आपण आपल्या कृत्यांचं फळ भोगतो आहोत. मग तो येशूकडे आठवणीची याचना करतो आणि त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळतं. आमच्याकडे दर गुड फ्रायडेला हा भाग वाचला जातो, आणि तरी एक गोष्ट कोणी बोलत नाही: तो माणूस क्रुसावरून उतरला नाही. उतरवा असं त्याने म्हटलंही नाही. स्वर्गाचं दार उघडलं आणि खिळे जागच्या जागी राहिले. क्रुसाच्या शिक्षेचं मी समर्थन करतो आहे असं कोणी समजू नये, ती अमानुषच होती. पण क्षमा झाली म्हणजे परिणाम टळला, हा हिशेब निदान त्या टेकडीवर तरी नव्हता.

आणि दुसऱ्यांच्या पापांची क्षमा? ती येशू करत असे, हेही खरं. पक्षाघाती माणसाला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असं तो म्हणाला तेव्हा तिथले शास्त्री पुटपुटले की एका देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्या शास्त्र्यांबद्दल प्रवचनांत फार चांगलं बोललं जात नाही. पण आमच्या पंचांकडे पाहिलं की त्यांचा आक्षेप अगदीच वाया गेलेला वाटत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय तर या लोकांच्या तोंडी कायम असतो. क्षमा किती वेळा करायची? ‘सात वेळा नव्हे, साताच्या सत्तरपट.’ हा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचावा. सुरुवातीला येशू एका बालकाला जवळ बोलावतो. मग म्हणतो की अशा लहानांतल्या एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं त्याच्या फायद्याचं ठरेल. पुढे अपराध्याला जाब विचारण्याची रीतच घालून दिली आहे: आधी एकांतात, मग दोघा-तिघांना घेऊन, मग सगळ्या मंडळीसमोर, आणि एवढं करून ऐकलं नाही तर तो तुम्हाला परका. एवढं सगळं झाल्यावर साताच्या सत्तरपटीचं वचन येतं. त्यामागोमाग जो दृष्टांत येतो, त्यातला दुष्ट चाकर कोण? राजाकडून स्वतः सूट घेऊन बाहेर पडल्यावर आपल्यापेक्षा दुबळ्याचा गळा धरणारा. आणि तो दृष्टांत वाचून दाखवला जातो कोणाला, तर जिचा गळा धरला गेला तिला.

पौलाच्या फटकाऱ्याचंही तेच. तो त्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि तिथे तो स्वतःच ‘अगदी क्षुल्लक बाबी’, ऐहिक व्यवहार, एकमेकांची फसवणूक यांबद्दल बोलतो. पाचव्या अध्यायात विषय लैंगिक दुराचाराचा आहे. तिथे तो आपसात मिटवा म्हणत नाही. त्या माणसाला तुमच्यातून घालवून द्या म्हणतो, आणि एवढं होऊन तुम्ही फुगून बसलात म्हणून मंडळीवरच उखडतो. सहावा अध्याय पाठ आणि पाचवा ऑप्शनला, असा हा अभ्यासक्रम.

मला स्वतःला यापेक्षा बोलकी वाटते ती फिलिप्पै गावची गोष्ट, कारण तिच्यात एका रात्रीत दोन्ही घडतं. पौल आणि सीला यांना चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकलं गेलं. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं वाटून तुरुंगाचा नायक तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला. पौलाने ओरडून त्याला थांबवलं: काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. ज्याने त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते, त्याचा जीव त्याने वाचवला. नायकाने त्याच रात्री त्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. क्षमा ती हीच. सकाळी गावच्या अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. विषय तिथे संपला असता. पण पौल हटून बसला. आम्हाला चौकशीशिवाय सर्वांदेखत मारलं, आणि आता गुपचूप घालवता काय? ते चालायचं नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवण्या कराव्या लागल्या. याला कोणी सूड म्हणेल का? ज्याच्या मनात कालच्या नायकाबद्दल तिळमात्र डूख नव्हता, तोच माणूस आज जाहीर जाब मागत होता. ‘सर्वांदेखत’ झालेल्या गोष्टीचा निपटारा ‘गुपचूप’ होणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

क्षमा आणि जाब शेजारी शेजारी राहू शकतात, हे सांगायला पहिल्या शतकात अडकून बसण्याचं कारण नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव तर घेतलं जातंच. जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पुढे काही वर्षं बारिपदाच्या कुष्ठरुग्णांच्या कामात राहिल्या. हे सगळे सांगतात. क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नका, हेही त्याच सांगत आल्या, ते कोणी सांगत नाही. खटला चालला. मुख्य आरोपी दारा सिंगला झालेली फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली आणि ती २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. ग्लॅडिसबाईंनी खटल्यात आडकाठी केली नाही, आणि फाशीसाठी आरडाओरडाही केला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांचंही तसंच. मे १९८१मध्ये गोळ्या झाडणाऱ्या अली अग्जाला ते १९८३च्या नाताळात तुरुंगात जाऊन भेटले. तो इटलीच्या तुरुंगातून माफी मिळून सुटला २००० साली, आणि तेव्हाही तुर्कस्तानातल्या जुन्या शिक्षेसाठी त्याला तिकडच्या तुरुंगात पाठवलं गेलं. पोपनेही भेटीच्या दुसऱ्या दिवशी त्याला सोडवून आणलं नव्हतं.

राणी मरिया यांची हकीकत आमच्याकडे कमी माहीत आहे. केरळच्या या सिस्टर मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात गरीब आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ला समंदर सिंग या तरुणाने त्यांना बसमध्ये भोसकून मारलं. त्याला जन्मठेप झाली. २००२मध्ये राणी मरियांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. पुढे या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली आणि २००६मध्ये तो बाहेर आला. अकरा वर्षं त्याने काढली होती. गुन्हा सिद्ध झाला होता, कोणी कोणाला साक्ष फिरवायला सांगितलं नव्हतं, आणि राखी घेऊन जाणारी स्वतःच्या पायाने गेली होती.

त्याच मध्य प्रदेशातली दुसरी राखी पाहा. जुलै २०२०मध्ये विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना उच्च न्यायालयाने अट घातली, की रक्षाबंधनाला मिठाई घेऊन त्या बाईच्या घरी जावं आणि तिच्याकडून राखी बांधून घ्यावी. धागा तोच, हेतूही म्हटला तर सलोख्याचाच. पण इथे राखी बांधणारीला कोणी विचारलं नव्हतं. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि तडजोड, लग्न, नातं जोडणं असल्या सूचना न्यायालयांनी करू नयेत असं बजावलं. पहिल्या राखीने कोणालाही गहिवरून यावं आणि दुसरीने शिसारी यावी, असं का होतं? कारण पहिली पीडितांनी दिली आणि दुसरी पीडितेकडून घेतली. आमच्या गावातला धोशा यांपैकी कोणत्या राखीच्या जातीचा आहे, ते ज्याने त्याने ठरवावं.

माझी भूमिका सगळ्यात जास्त अवघडते ती कुमसारापाशी. जून २०१९च्या टिपणात व्हॅटिकनने स्पष्ट केलं आहे की पापनिवेदनाला आलेल्या माणसाला ‘आधी पोलिसांत हजर हो, मग पापमोचन देतो’ अशी अट पाद्रीने घालायची नाही. म्हणजे दुसऱ्या तटाचा टोमणा खरा की काय? तसं दिसतं खरं. पण ती मनाई पाद्रीच्या हातावर आहे, पापी माणसाच्या कर्तव्यावर नाही. कुमसारातलं बाहेर जाऊ नये म्हणून ती आहे. त्याच चर्चची शिकवण असंही सांगते की पापमोचनाने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड जात नाही. चोरलेलं परत करावं लागतं, घालवलेली अब्रू सावरावी लागते, झालेल्या इजेची भरपाई करावी लागते. येशू घरी उतरायला आला तेव्हा जक्कय जकातदाराने रडून दाखवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, असा आकडा सांगितला. शिवाय सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या खोलीत, बसून केलेली पंचायत म्हणजे कुमसार नव्हे. त्या खोलीत कळलेल्या गोष्टीला गुप्ततेची कसलीही मुद्रा लागलेली नसते. पोक्सोच्या कलम १९प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने तो पोलिसांना कळवायचाच आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. महिनाभर मिटवामिटवी करत बसणाऱ्या भल्या माणसांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता झाकल्या मुठीचं. ती सव्वा लाखाची राहते, असा अनुभव जगात कुठल्या चर्चला आला? बॉस्टनच्या कार्डिनलना डिसेंबर २००२मध्ये पायउतार व्हावं लागलं, ते बाहेरच्या शत्रूंमुळे नव्हे; लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या पाद्र्यांना एका पॅरिशमधून दुसऱ्यात हलवत राहिल्यामुळे. आयर्लंडसारखा कट्टर कॅथलिक देश चर्चच्या संस्थांमधल्या मुलांच्या छळाविषयीच्या २००९च्या रायन आयोगाच्या अहवालानंतर चर्चकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकला नाही. टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत देतं कोण? तक्रार करणारी मुलगी की पाच सह्यांचा कागद? उद्या तो कागद बाहेर आला, आणि असे कागद येतातच, तर ‘यांच्या धर्मात हे चालतं’ म्हणणाऱ्याला काय उत्तर आहे? मंडळीनेच मुलीला पोलीस ठाण्यात नेलं असतं तर उत्तर होतं.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाला हे परकं वाटायचं कारणच काय? १८९७मध्ये पुण्यात प्लेगचा कहर असताना पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या एका मुलीची प्लेगच्या इस्पितळात धूळधाण झाली. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. देणग्या इंग्लंड-अमेरिकेहून येणाऱ्या. गप्प बसायला यापेक्षा चांगली कारणं काय हवीत? त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं, गव्हर्नरने त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला. बाई हलल्या नाहीत. त्यांच्या श्रद्धेवर त्यामुळे बोट ठेवणारा मला अजून भेटायचा आहे.

सीमाभागातल्या मराठी माणसाला तर स्मरण आणि सूड यांतला फरक नव्याने शिकवायला नको. जून १९८६मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या चालल्या, माणसं गेली. दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर लोक जमतात. तिथे येणाऱ्या बहुतेकांची कानडी शेजाऱ्याशी उठबस आहे, सोयरिकीही आहेत. त्यांना कोणी ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणून पाहावं! ज्या तोंडाने आपण तिथे जाब मागतो, त्याच तोंडाने एका पोरीला विसरायला कसं सांगतो?

दक्षिण आफ्रिकेचा दाखला क्षमावादी हटकून देतात, म्हणून एवढंच. वर्णभेदाची राजवट संपल्यावर आर्चबिशप टुटू यांच्या सत्य आणि सलोखा आयोगाने माफी दिली ती संपूर्ण सत्य जाहीरपणे सांगण्याच्या बदल्यात. सात हजारांवर अर्ज आले, त्यांतले बहुसंख्य फेटाळले गेले. वर्णभेदाविरुद्ध लढणारे स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतल्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना १९९९मध्ये माफी नाकारली गेली, कारण ते खरं बोलत नव्हते. माफी नाकारलेल्यांवर पुढे खटले फारसे चाललेच नाहीत, आणि त्या कुटुंबांची सल अजून गेलेली नाही. सत्य सांगूनही जाब अर्धवट राहिला तर काय होतं, याचाच तो दाखला आहे. आमच्याकडे तर सत्याच्या जागी ‘गैरसमज’ लिहिला जातो.

राहिला कोर्टाच्या यातनांचा मुद्दा. तो मी खोडणार नाही, कारण रोज पाहतो. पोलीस ठाण्यात मुलगी मराठीत सांगते, लिहिलं जातं कन्नडमध्ये, वाचून दाखवलं जातं घाईघाईत, आणि ती खाली मराठीत सही करते. उलटतपासणीत त्या कन्नड कागदातला एक शब्द पकडून तिला खोटं पाडायचा प्रयत्न होतो. कायद्यात याची सोय आहे: मुलाला न समजणाऱ्या भाषेत जबाब लिहिला जात असेल तर दुभाषी द्यायचा, जबाब तिच्या घरी घ्यायचा, पोलीस गणवेशात नकोत, कोर्टात आरोपी तिच्या नजरेस पडू नये, खटला शक्यतो वर्षात संपावा. यातलं किती पाळलं जातं, हा रास्त प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर खटला गुंडाळणं नव्हे. कोर्ट वाईट आहे म्हणून मुलीनेच माघार घ्यावी, असं म्हणताना वाईट कोर्टाचा फायदा आपण कोणाच्या पदरात घालतो?

पश्चात्ताप खरा असेल तर त्याच कोर्टात त्याच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली आहे. दोषारोप ठेवण्याच्या दिवशी न्यायाधीश आरोपीला विचारतात: गुन्हा मान्य आहे का? ‘मान्य आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. मुलीला उलटतपासणीला उभं राहावं लागण्याची वेळ बहुधा टळते, तिच्या आईवर खोटारडेपणाचा शिक्का बसत नाही. शिक्षा टळत नाही. या कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांत ती निदान किती हे ठरलेलं असतं आणि न्यायाधीशालाही त्याखाली जाता येत नाही. म्हणून वकील तो सल्ला देत नाहीत, मीही आरोपीचा वकील असतो तर दिला नसता. पण वकिलाचं काम वेगळं आणि आत्म्याची काळजी वाहणाऱ्यांचं वेगळं. चारचौघांत रडलेल्या त्या माणसाला ‘हे दोन शब्द न्यायाधीशासमोर बोल’ असं सांगायला पंचांतलं कोणीही गेलेलं नाही. मुलीच्या घरी मात्र चार फेऱ्या झाल्या.

मंडळीला दया दाखवायची असेल तर त्यालाही रान मोकळं आहे. आरोपीच्या बायकोमुलांनी काही केलेलं नाही; त्यांच्या घरचं रेशन, पोरांची फी पाहावी. उद्या शिक्षा झाली तर हिंडलग्याच्या कारागृहात त्याला भेटायला जावं, मीही येईन. आणि इकडे, मुलीची आई काजूच्या कारखान्यात रोजंदारीवर आहे. प्रत्येक तारखेला तिचा खाडा पडतो, खानापूर ते बेळगाव दोघींचं बसभाडं, दुपारचं खाणं. पॅरिश फंडातून हे द्यायला बिशपांची परवानगी लागत नाही. तिच्याबरोबर कोर्टात बसायला मराठी-कन्नड दोन्ही येणारी एखादी बाई मंडळीत नक्की सापडेल. पोक्सोच्या नियमांत अशा आधार देणाऱ्या व्यक्तीची तरतूद आहे, बालकल्याण समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज मी लिहून देईन, फी न घेता. पुढची तारीख महिनाभरात आहे.